गंजलेल्या सामानासाठी व्हिनेगर की लिंबूसत?

मृगाच्या तोंडावर आमच्या दर्यापूर भागात जवळपास प्रत्येक घरातून एक पोतं बाहेर निघतं. त्यात डवऱ्याचे नटबोल्ट असतात, पेरणी यंत्राचे क्लॅम्प, दांड्यातून निसटलेलं कुऱ्हाडीचं पातं, नटबोल्ट खोलायचे दोन-तीन पाने, एखादा आजोबांच्या वेळचा अडकित्ता. मागच्या पावसाळ्यात भिजलेलं आणि वर्षभर कोठ्यात पडून राहिलेलं हे सामान एकमेकांना धरून बसलेलं असतं. फेकवत तर नाहीच, कारण जुन्या लोखंडाचं वजन हाताला ओळखीचं झालेलं असतं.

वखराच्या पासेबद्दल, म्हणजे माती कापणाऱ्या पात्याबद्दल, मी इथे बोलत नाही. ती कितीही गंजू द्या, काळ्या मातीत दोन-चार तासं चालली की आपोआप लखलखते. बोल्टच्या आट्यांत, खाचांत, बिजागरीच्या पोटात बसलेल्या गंजाचं मात्र तसं नसतं. तिथे तारेचा ब्रश पोचत नाही आणि कानस लावली तर आटेच जातात. तिथे आंबटच लागतं.

घरात सहज मिळणाऱ्या आंबटांत खरी निवड माझ्या मते दोघांतच आहे. एक व्हिनेगर आणि दुसरं लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड. चिंचेचा कोळ पितळेच्या समईला उत्तम, पण लोखंडावर तो फार सावकाश चालतो आणि गर आट्यांत अडकून बसतो. संडास साफ करायचं ॲसिड मी एकदाच वापरलं. अर्ध्या तासात गंज गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बोल्ट केशरी होऊन पडलेले. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याचे क्लोराइड बारीक खड्ड्यांत राहून गेले की ते हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि गंज पुन्हा सुरू होतो. स्प्रिंग किंवा पाणी देऊन कडक केलेली धार असेल तर ते पोलाद त्यानं ठिसूळही होऊ शकतं. शिवाय आपल्याकडे विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर बहुतेक त्याच कोपऱ्यात ठेवलेली असते. ही दोन एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून ते ॲसिड मी या कामातून कायमचं काढून टाकलं.

आता व्हिनेगर. मी दोन उन्हाळे तेच वापरलं आणि त्याला वाईट म्हणणार नाही. बाटली उघडायची, ओतायची, बस. मोजमाप नाही, विरघळवणं नाही. त्यातलं ॲसिटिक ॲसिड 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे काम संथ आणि सांभाळून होतं. बोल्ट रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, पुन्हा बुडवा. एक दिवस जास्त राहिला तरी सहसा फार बिघडत नाही. वावरात कामं निघाली की बादली विसरलीच जाते, आणि अशा माणसाला व्हिनेगर लिंबूसतापेक्षा जास्त सांभाळून घेतं. हा त्याचा मोठा गुण, आणि तो मी मनापासून मान्य करतो.

पहिली अडचण मापाची. बाटली पाऊण लिटरच्या आतबाहेर असते. दोन बोल्टांना ती पुरते, पण पोतंभर सामान 10 लिटरच्या बादलीत बुडवायचं तर डझनभर बाटल्याही पुऱ्या पडत नाहीत. गावच्या किराण्यात एका वेळी चार सापडल्या तरी पुष्कळ. तरीही मी ते सोडलं नसतं. सोडायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

त्या वर्षी वारा फार होता, धूळ उडत होती, म्हणून बादली अंगणात न ठेवता मी सामानाच्या खोलीत ठेवली. दार लावून घेतलं. संध्याकाळीच आईनं विचारलं, "काय आंबलं रे बापा, सारा वास येऊन रायला!" वास मला सहन होत होता, म्हणून मी हसून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी बोल्ट काढायला गेलो. बोल्ट छान निघाले होते. भिंतीवरच्या खिळ्यांना माझे पाने टांगलेले होते, वडिलांनी एकेक करून जमवलेले, दर दिवाळीला पुसून ठेवलेले. त्यांच्यावर बोट फिरवलं तर बोटाला तांबूस भुकटी लागली. एकाही पान्याला व्हिनेगरचा थेंब लागला नव्हता. बादलीपासून ते चांगले चार हात लांब होते.

त्याचं कारण नंतर समजून घेतलं. ॲसिटिक ॲसिड पाण्याबरोबर हवेत उडतं, आपल्याला वास येतो तो त्याचाच. बंद खोलीत ती वाफ प्रत्येक उघड्या लोखंडावर जाऊन बसते, हवेतला दमटपणा तिला साथ देतो आणि गंज धरतो. काही जातींच्या लाकडांतूनही हेच ॲसिड सुटत राहतं, म्हणून वस्तुसंग्रहालयांत धातूच्या जुन्या वस्तू ठेवायला कपाटाचं लाकूड पारखून घेतात. म्हणजे मी एका कोपऱ्यातला गंज काढत होतो आणि उरलेल्या तिन्ही भिंतींवर तो लावत होतो. पाने मी पुन्हा घासून ठीक केले. पण वडिलांनी काही न बोलता एकेक पाना हातात घेऊन पाहिला, ते मला फार लागलं. त्यानंतर व्हिनेगरची बादली आमच्या घरात शिरली नाही.

लिंबूसत उडत नाही. तो साखरेसारखा खडा आहे. पाण्यात विरघळतो, पाणी वाफ होऊन गेलं तरी तो खालीच राहतो. बादली खोलीत ठेवा, वास नाही, वाफ नाही, भिंतीवरचे पाने जसेच्या तसे. मला एवढ्या एका गोष्टीवर निर्णय करता आला असता. पण त्याचं काम करायचं तंत्रही मला जास्त पटतं. ते गंज नुसता विरघळवत नाही, सुटलेल्या लोखंडाला पाण्यात धरून ठेवतं. त्यामुळे भागावर पुन्हा तपकिरी लेप कमी बसतो आणि धुताना तो लवकर सुटतो.

माझं माप सोपं आहे. 10 लिटर पाण्याला अर्धा किलो, म्हणजे सुमारे 5 टक्के. बादली प्लॅस्टिकचीच घ्यायची. जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची घेतली तर ॲसिड आधी बादलीच खाईल. सामानावरचं वंगण साबणानं काढून मगच बुडवायचं, नाहीतर तेलाखाली ॲसिड पोचत नाही. आणि आपल्या उन्हाळ्याचा एकदा तरी चांगला उपयोग करून घ्यावा. गरम पाण्यात हे काम कितीतरी लवकर होतं. मे महिन्यात काळी बादली टिनाच्या शेडबाहेर उन्हात ठेवली की पाण्यात हात धरवत नाही, आणि हिवाळ्यात रात्रभर लागतो तो बोल्ट माझ्या अनुभवात दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत निघतो. बारीक बुडबुडे दिसतात तो हायड्रोजन, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही. वर जाळी किंवा फळी सैल ठेवायची, म्हणजे ढोरं आणि पोरं तोंड घालणार नाहीत.

बागवाले विचारतील की मग लिंबूच का नको. अकोल्याकडे, बाळापूर-पातूरच्या बाजूला कागदी लिंबाच्या बागा आहेत, भाव पडला की फळं झाडाखाली सडतात. लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड 5 टक्क्यांच्या जवळपास असतं, म्हणजे माझ्या बादलीएवढंच. रस गाळून घेतला तर तो चालतो, मी करून पाहिलं आहे. फक्त त्यात गर आणि साखर असते, भाग चिकट होतात, माशा बसतात आणि मागाहून धुणं वाढतं. संत्र्याच्या रसाच्या नादी लागू नका, त्यात आंबटपणा फार थोडा. किराण्यातलं लिंबूसतही आता लिंबापासून बनत नाही. 1784 साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी ते पहिल्यांदा लिंबाच्या रसातूनच वेगळं केलं होतं, पण गेली शंभर वर्षं ते साखरेच्या द्रावणावर एक काळी बुरशी वाढवून तयार होतं.

लिंबूसताचे दोष मी लपवणार नाही. ते व्हिनेगरपेक्षा तेज आहे. गंज संपला की ते चांगल्या लोखंडाला लागतं. एक कुऱ्हाडीचं पातं मी दोन दिवस विसरलो, तर ते काळपट आणि हाताला खरखरीत होऊन निघालं, धार पुन्हा लावून घ्यावी लागली. अडकित्त्यासारखी नाजूक वस्तू असेल तर मी बादलीत थोडा धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीनं टाकतो. फेस येतो, द्रावण नरमतं, मग वेळ जास्त लागला तरी जिवाला घोर नाही. तयार द्रावण आठवडाभर ठेवलं तर वर बुरशी धरते, व्हिनेगरला तसं सहसा होत नाही. हाताला चिरा असतील तर झोंबतं, हातमोजे घालावेत. आणि साखळी, बेअरिंग यांना या दोन्हींपैकी कशातच टाकू नका. आत शिरलेलं ॲसिड तिथून निघत नाही. त्यांच्यासाठी डिझेलच बरं. जस्ताचा मुलामा असलेले नळाचे भाग, ॲल्युमिनियमचे भाग यांनाही दूर ठेवावं.

यापुढचं जे आहे ते व्हिनेगरवाल्यांनाही तितकंच लागू आहे, आणि आमच्या भागात तर त्यावरच सगळं अवलंबून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि आमच्या बोअरचं पाणी खारं. पहिल्या वर्षी मी बादलीतून काढलेले स्वच्छ बोल्ट त्याच पाण्यानं धुतले आणि उन्हात ठेवले. वाळेपर्यंत त्यांच्यावर पिवळी झाक आलेली. दोष मी लिंबूसताला देत होतो, दोष पाण्यातल्या मिठाचा होता. आता मी आधी बोअरच्या पाण्यात दोन मुठी खाण्याचा सोडा टाकून त्यात सामान खळबळतो, म्हणजे उरलेलं आंबट मरतं. शेवटचं धुणं मात्र पिण्याच्या कॅनच्या पाण्यानं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. तांब्या-दोन तांबे पुरतात. लगेच फडक्यानं पुसून चुलीजवळ किंवा तापलेल्या टिनावर ठेवायचं. उघडं झालेलं लोखंड फार भुकेलं असतं, तासाभराचाही दम धरत नाही.

मग तेल. जळकं ऑइल सगळेच लावतात, पण ते ओलंच राहतं आणि धूळ धरतं. मला जवसाचं तेल आवडतं. ते हवेत सुकतं आणि पातळ पापुद्र्यासारखं बसतं. अगदी पातळ हात द्यायचा, जाड दिलं तर आठवडाभर चिकट राहतं. कुऱ्हाडीच्या आणि इळ्याच्या लाकडी मुठीलाही तेच चालतं. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं. कापसाच्या घरात ही गोष्ट दोनदा सांगितली तरी कमीच. फडकं पाण्यात भिजवून ठेवा किंवा अंगणात दोरीवर मोकळं पसरा.

तुमच्याकडे एखाद-दुसरा बोल्ट असेल, बाटली घरात उघडी असेलच आणि बरणी बाहेर ओट्यावर ठेवता येत असेल, तर व्हिनेगर घ्या, मुद्दाम लिंबूसत आणायला बाजारात जाऊ नका. ज्यांना बादली विसरायची सवय आहे त्यांनीही तेच घेतलेलं बरं. पोतंभर सामान असेल आणि ते खोलीत इतर अवजारांच्या सोबतीनं भिजवावं लागणार असेल, तर मी लिंबूसतच सांगेन. अर्धा किलो घ्या, पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बादलीत डोकवा, म्हणजे तुमच्या पाण्याला आणि तुमच्या उन्हाला किती वेळ लागतो ते कळेल. वापरलेलं पाणी सोड्यानं नरम करून फेस थांबला की रस्त्याकडेला ओता, तुळशीजवळ किंवा ढोरांच्या टाक्याजवळ नको. वडिलांचे पाने सध्या त्याच खोलीत, त्याच खिळ्यांवर आहेत. यंदाची बादली त्यांच्या बरोबर खाली ठेवली होती, आणि परवा मी प्रत्येकावर बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.