पावतीवर ‘डॉ.’ नव्हतं

एकूण ८९,०५१ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘हिला कळलं कसं नाही’ हे मनात म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. मी रोज तेच म्हणते.

मी अकाउंट्सला आहे. एकवीस वर्षं लोकांची बिलं तपासतेय. टॅक्सीच्या पावतीवर तारखेची खाडाखोड असली तरी मी बिल परत पाठवते, ऑफिसात त्यावरून मला नावं ठेवतात.

मागच्या पावसाळ्यात अंधेरी आणि बांद्र्याच्या मध्ये, लेडीज डब्यात, पहिल्यांदा ते झालं. धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरेना, आता इथेच मरणार असं वाटलं. ईसीजी नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक आहे, सायकियाट्रिस्टना दाखवा. दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरकही पडत होता. पण बाहेर दोन तास बसायचं आणि आत चार मिनिटं. मला कुणाशी तरी बोलायचं होतं हो. घरी बोलायची सोय नाही, सासूबाईंच्या लेखी हे सगळं रिकाम्या डोक्याचं.

तेव्हा शेजारच्या टेबलवरची मैत्रीण म्हणाली, “माझे एक सर आहेत. गोळ्या नाहीत, बोलून बरं करतात.”

सरांच्या कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ आणि खाली यादी: सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी), क्लिनिकल हिप्नोथेरपी, एनएलपी, रेकी ग्रँडमास्टर, फ्लॉवर रेमेडी, पास्ट लाइफ. उडप्याकडे चायनीज मिळतं तसं. पण पहिल्या दिवशी त्या माणसाने पन्नास मिनिटं माझं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी रडले. त्याच खुर्चीत बसून बारा सत्रांचं पॅकेज घेतलं, ४२,००० रुपये, सगळे आगाऊ. लेकीच्या क्लाससाठी ठेवलेली आरडी मोडली, नवऱ्याला सांगितलं नाही.

आणि पावती. ती आजही माझ्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. वर लिहिलंय ‘वेलनेस सेवा व साहित्य’. खाली शिक्का आणि सही, त्यात साधं नाव. ‘डॉ.’ नाही, डिग्री नाही, नोंदणी क्रमांक नाही. कार्डावर डॉक्टर आणि पावतीवर दुकानदार! हे मला दिसलं होतं. ‘न दिसणं’ वेगळं आणि ‘दिसूनही घडी घालून पर्समध्ये टाकणं’ वेगळं. दुसऱ्या कुणाचं बिल असतं तर लाल पेनाने गोल करून परत पाठवलं असतं.

तिसऱ्या सत्रात त्यांनी गोळ्या बंद करायला लावल्या. “ताई, गोळ्या एनर्जी ब्लॉक करतात, मग माझ्या कामाचा उपयोग काय?” मी एका दिवसात बंद केल्या. चार दिवसांत चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. सरांना फोन केला तर म्हणे, हीलिंग क्रायसिस आहे, विष बाहेर पडतंय. या जातीच्या गोळ्या अचानक सोडल्या की असंच होतं, म्हणून त्या हळूहळू कमी करतात, हे नंतर सायकियाट्रिस्टनी सांगितलं. पैशांचं एक वेळ सोडा, पण ज्याने गोळी लिहिली नाही त्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका.

त्या ‘क्रायसिस’वर उतारा म्हणून फुलांच्या अर्काच्या तीन बाटल्या, २,४०० रुपये. एडवर्ड बाख नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात काढलेली ही ३८ अर्कांची पद्धत. अर्क ब्रँडीत मुरवलेला असतो. म्हणजे गुरुवारचा माझा कडक उपास आणि जिभेवर ब्रँडीचे चार थेंब! चाचण्यांमध्ये हे अर्क नुसत्या बिनऔषधी थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत, हेही मी नंतर वाचलं. सगळं नंतरच वाचलं.

मग मागचा जन्म, १८,५०० रुपये. डोळे मिटायला लावून विचारलं, “धूर दिसतोय का?” हो म्हटलं. “भिंती दगडी आहेत का?” हो. “किल्ला?” हो. अशा रीतीने मी १७३९ साली वसईच्या वेढ्यात गुदमरून मेले, असं निघालं. चिमाजी आप्पा मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होते, आणि समोर इतका मन लावून विचारणारा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? हसा. पण डोळे मिटलेले असताना, पैसे आधीच दिलेले असताना, तुम्हीही हो म्हणाल. संरक्षणासाठी क्रिस्टलचं ब्रेसलेट, ५,१५१. वरचा एक शकुनाचा.

शेवटी कर्जतला दोन दिवसांचं शिबिर, २१,०००. तिथे अनोळखी बायकांना एकमेकींच्या सासवा करून उभं केलं. परतीच्या लोकलमध्ये मला आजवरचा सगळ्यात मोठा अटॅक आला. सर पुढच्याच डब्यात होते. फोन उचलला नाही.

पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, “पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग ही दिवाणी बाब झाली.” तिसऱ्यांदा ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, “मॅडम, मागच्या जन्माचा गुन्हा कुठल्या हद्दीत घेऊ? वसईला जा.” मागे बाकावर बसलेले दोघे हसले. दुसऱ्या एका कार्यालयाने लेखी कळवलं की ते डॉक्टरच नाहीत, म्हणून आमच्या अखत्यारीत येत नाहीत. तिसरीकडे उत्तर मिळालं की त्यांची आमच्याकडे नोंदणीच नाही, तर कारवाई कशावर करणार? म्हणजे नोंदणी केली असती तर पकडला गेला असता, केली नाही म्हणून सुटला! आणि कायदा आहे, नाही असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते, १९९२ च्या कायद्यात बिननोंदणी प्रॅक्टिसला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. एक हजार! त्याच्या ब्रेसलेटची किंमत याच्या पाचपट आहे. नोंदणी क्रमांक मागा. “आमची पद्धत वेगळी आहे” असं उत्तर आलं की चप्पल घाला.

सीबीटी खरी कशी असते ते आता बघतेय, सरकारी हॉस्पिटलातल्या बाईंकडे. मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची १९५५ ची पद्धत याच घराण्यातली. धूर नाही, किल्ला नाही. बाईंनी मला जिने चढायला लावले, धडधड वाढवली आणि म्हणाल्या, “मेलात का? नाही ना? वहीत लिहा.” मग अंधेरी ते पार्ले, एकच स्टेशन, स्लो लोकलने. गृहपाठ नाही केला तर ओरडतात. योगासनं चालू ठेवा म्हणाल्या, त्याला त्यांची ना नाही. गोळ्याही सायकियाट्रिस्टच्या सल्ल्याने चालू आहेत. पैसे सत्रागणिक द्या, पॅकेज कुठेही घेऊ नका.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. पहिल्या तारखेला समोरच्यांच्या वकिलाने मुदत मागितली. मिळाली. नवऱ्याला आता सगळं माहीत आहे, आरडी सोडून.

मैत्रीण अजून शेजारच्याच टेबलवर बसते. एक माणूस आणला की तिला दोन सत्रं फुकट होती, हे मला कर्जतला कळलं. तिने अजून त्यावर तोंड उघडलेलं नाही. परवा डबा खाताना फक्त एवढंच विचारलं, ते ब्रेसलेट घालत नसशील तर मला देतेस का?