ब्रँडेड की जेनेरिक? गोळी बदलण्याआधी हे बघा

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एक, मेडिकलवाला पुढे करतो दुसरी, वर "सॉल्ट (म्हणजे आतलं मूळ औषध) तेच आहे, चालेल" म्हणतो आणि आपण दोन्ही स्ट्रिप हातात धरून उभे. माझं मत आधीच सांगतो, बहुतेक औषधांना जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, खुशाल घ्या, पण काही मोजकी औषधं अशी आहेत की तिथे ब्रँडेड घ्या नाहीतर जेनेरिक घ्या, एकदा जे लागू पडलं ते सारखं बदलू नका.

आधी नावाचा घोळ. स्ट्रिपवरचं मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, त्याच्या आसपास बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव, आणि ते जगभर एकच असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना 1953 पासून अशा नावांच्या याद्या काढतेय. त्यात शेपूट बघितलं की घराणं कळतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे 'लॉल'वाले बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि बीपी कमी करणारे), एनालाप्रिल-रामिप्रिलही बीपीचे, ॲटोरव्हास्टॅटिन-रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलचे. अपवाद आहेतच, पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, गंमत म्हणजे दोन्ही नावं एकाच लांबलचक रासायनिक नावाचे तुकडे जोडून केलीयेत.

हे बारीक नाव न वाचल्याने काय होतं ते घरातच बघितलंय. काकूंना ताप, त्यांनी तापाची गोळी घेतली, मग सर्दीची वेगळी घेतली, दोन नावं दोन रंग म्हणजे दोन औषधं असा हिशोब, आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात पॅरासिटामॉल! मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा, त्याच्या पुढे लिव्हरला धोका, वेळीच लक्षात आलं म्हणून ठीक.

आता तपासणीचं. मूळ ब्रँडची वाट लांब असते, आधी लॅब, मग प्राणी, मग साधारण 20 ते 100 माणसं, मग काहीशे पेशंट, मग हजारोंवर चाचणी, यात दहा-बारा वर्षं सहज जातात. पेटंट 20 वर्षांचं खरं पण ते अर्ज केल्यापासून मोजतात, त्यामुळे औषध बाजारात येईपर्यंत त्यातली बरीच वर्षं संपलेली असतात, उरलेल्या काळात कंपनी खर्च वसूल करते. पेटंट संपलं की जेनेरिकवाला येतो, त्याला हे सगळं परत करावं लागत नाही (अमेरिकेत ही वाट 1984 च्या कायद्याने नीट मोकळी झाली), फक्त आपली गोळी रक्तात तेवढीच आणि त्याच वेगाने उतरते हे दाखवावं लागतं. म्हणून ती स्वस्त, माल हलका म्हणून नव्हे.

ते दाखवतात कसं? बहुधा काही डझन निरोगी माणसं घेतात, एकदा ब्रँडेड गोळी देतात, ती अंगातून पूर्ण गेली की जेनेरिक, आणि दोन्ही वेळा तासातासाने रक्त काढून आलेख काढतात. आलेखाचं शिखर किती उंच आणि त्याखाली एकूण औषध किती, हे दोन आकडे जुळले पाहिजेत, म्हणजे जेनेरिक आणि ब्रँड यांचं गुणोत्तर 80 ते 125 टक्क्यांच्या आत. इथे हटकून गैरसमज होतो की म्हणजे जेनेरिकमध्ये औषध 20 टक्के कमी चालतं, तसं नाहीये, नुसती सरासरी नाही तर तिच्या दोन्ही बाजूंची शक्यतेची पूर्ण पट्टी (खरा आकडा जिथे कुठे असू शकतो तो पल्ला) त्या मर्यादेत बसावी लागते, त्यामुळे सरासरी 100 पासून फार लांब गेलीच तर पट्टी बाहेर पडते आणि गोळी नापास. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 1996 ते 2007 मधल्या 2070 चाचण्या तपासल्या, सरासरी फरक 4 टक्क्यांच्या आसपास निघाला.

मग फरक कुठे? रंग, आकार, चव आणि गोळीत भरलेला बाकीचा माल. तो कधी कधी चांगलाच नडतो. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट्सच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधला भराव बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं, औषध तेवढंच, आणि पेशंटना चक्कर यायला लागली, तोल जायला लागला. जुना भराव औषधाला शोषू देत नव्हता, नव्याने वाट मोकळी केली, त्यात फेनिटॉइनचं असं की लिव्हरची क्षमता भरली की थोड्याशा वाढीनेही रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. आणि हे फक्त जेनेरिकचंच दुखणं नाही बरं का, फ्रान्समध्ये 2017 साली थायरॉईडच्या एका ब्रँडेड गोळीनेच आपला भराव बदलला तर तक्रारींचा पाऊस पडला.

तर फिट्सचं फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मनाच्या आजारावरचं लिथियम, थायरॉईडचं थायरॉक्सिन, किडनी बसवल्यावरचं सायक्लोस्पोरिन, ही ती मोजकी औषधं, रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी नडणारी. इथे बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर रक्त तपासून. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांबद्दलही मी जरा जपून, कारण 2012 मध्ये बुप्रोपिऑनची (नैराश्यावरचं औषध) 300 मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी ब्रँडच्या तोडीची नाही असं एफडीएनेच जाहीर केलं, मान्यता देताना चाचणी 150 च्या गोळीवर झाली होती. बाकी बीपी, ॲसिडिटी, कोलेस्टेरॉल, साध्या अँटिबायोटिक्स, यात डोकं लावू नका, जेनेरिक घ्या, फक्त बारीक नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या आणि जुनी स्ट्रिप डब्यातून काढून टाका, नाहीतर दोन्ही घेतल्या जातात.

इन्सुलिनचं गणित वेगळं, ते जिवंत पेशींकडून बनवून घेतात, हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून त्याला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात आणि तपासणीही जास्त कडक. इनहेलर बदलला तर औषध तेच असूनही ओढायची पद्धत बदलू शकते, कुठे हळू ओढायचं, कुठे जोरात, तेव्हा तिथेच उभं राहून एकदा करून दाखवायला सांगा.