केटेक : वेबपानावर समीकरणं मांडण्यासाठी

समीकरणाचं चित्र काढून पानात चिकटवणं आता थांबवायला हवं. ते मोठं केलं की धूसर होतं, त्यातलं काही कॉपी करता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचण्यासारखं काहीच सापडत नाही. खान अकॅडमीने २०१४ मध्ये आणलेलं केटेक (KaTeX) हे जावास्क्रिप्ट साधन, लॅटेक या गणितलेखनाच्या पद्धतीत लिहिलेलं सूत्र पानावर चोख उमटवतं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, वेग उत्तम.

तीन फायली जोडाव्या लागतात: सीएसएस, मुख्य जावास्क्रिप्ट आणि ऑटो-रेंडर (पानातली सूत्रं आपोआप शोधून मांडणारी). सीएसएस राहिली तर प्रत्येक सूत्र दोनदा दिसतं, कारण स्क्रीन रीडरसाठीची मॅथएमएल (गणितासाठीची वेबभाषा) प्रत नजरेआड ठेवण्याचं काम तीच फाइल करते. फायली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर फॉन्टचा फोल्डरही सोबत न्या. एकेरी डॉलर चिन्हांमधलं सूत्र ऑटो-रेंडर आपणहून ओळखत नाही. तसं हवं असेल तर सेटिंगमध्ये सांगावं लागतं, पण मग किमतीतले डॉलरही गणितात ओढले जातात.

खरा त्रास मार्कडाउनचा, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीचा. ते दोन अंडरस्कोअरमधला मजकूर तिरपा करतं आणि दुहेरी बॅकस्लॅशचा (सूत्रात ओळ तोडणारी खूण) एकेरी करतं. मॅट्रिक्सच्या सगळ्या ओळी एकाच ओळीत कोंबल्या गेल्या तर दोष केटेकचा नसतो. मार्कडाउनला गणित ओळखणारं प्लगइन लावणं हाच पक्का उपाय.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: देवनागरी शब्द टेक्स्ट (\text) कमांडच्या महिरपी कंसातच लिहा. अक्षरं वाचकाच्या यंत्रातल्या फॉन्टमध्ये उमटतात. ब्राह्मिक फॉलबॅक (brahmic_fallback) या सीएसएस क्लासला आपल्या आवडीचा फॉन्ट देता येतो. मात्र केटेककडे देवनागरीची मापं नाहीत, ते लॅटिन एम अक्षराची उंची धरून चालतं. त्यामुळे अंशात ‘गुण’ लिहिलं की उकार भागाकाराच्या रेषेला भिडू शकतो. तिथे व्हीफँटम (\vphantom, न दिसता फक्त उंचीची जागा घेणारी) कमांडमध्ये एखादा मोठा कंस घाला, म्हणजे अंश रेषेपासून वर सरकतो.

स्वतंत्र ओळीतलं लांब समीकरण केटेक तोडत नाही, मोबाइलवर ते पडद्याबाहेर जातं. केटेक-डिस्प्ले क्लासला आडवं स्क्रोल द्या.

समीकरणांना क्रमांक देऊन मजकुरात त्यांचा आपोआप संदर्भ द्यायचा असेल, तर मात्र मॅथजॅक्स हे याच कामाचं दुसरं साधन घ्या; लेबल आणि ईक्यूरेफ या कमांड तिथे चालतात, केटेकमध्ये नाहीत. बाकी सगळ्या लेखनाला केटेकच, आणि शक्यतो पान तयार करतानाच सूत्रं रेंडर करून ठेवा. मग वाचकाला जावास्क्रिप्ट उतरवावीच लागत नाही, सीएसएस आणि फॉन्ट पुरतात.