जर्नल स्क्वेअर की जॅक्सन हाइट्स? मॅनहॅटनच्या नोकरीसाठी भाड्याने घर कुठे घ्यावं

मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली की आपल्या मंडळींपुढे घरासाठी दोन नावं हमखास येतात: नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीतलं जर्नल स्क्वेअर आणि न्यूयॉर्क शहराच्याच क्वीन्स भागातलं जॅक्सन हाइट्स. मी दोन्हीकडे भाड्याने राहिलो आहे. न्यू जर्सीतलंच एडिसन हे गाव इथे मुद्दाम सोडलंय. तिथे मोटारीशिवाय संसार चालत नाही आणि मग सगळा हिशेबच बदलतो.

जर्सीच्या बाजूने पहिला मुद्दा निघतो तो टॅक्सचा. तो खरा आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल तर जर्सीत राहूनही न्यूयॉर्क राज्याचा टॅक्स भरावाच लागतो. त्याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, जर्सीच्या रिटर्नमध्ये मिळते. घरून काम केलेले दिवससुद्धा बहुतेकदा न्यूयॉर्कचेच धरले जातात. वाचतो तो फक्त न्यूयॉर्क शहराचा टॅक्स, कारण तो शहरात राहणाऱ्यांनाच लागू आहे. एकट्या माणसाचा पगार ९०,००० डॉलर धरला, तर हा टॅक्स वर्षाला साधारण ३,००० डॉलर होतो. म्हणजे महिन्याला अडीचशे.

माझं ऑफिस मिडटाउनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या भागात, ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ. जर्नल स्क्वेअरहून पाथ, म्हणजे जर्सी आणि मॅनहॅटन जोडणारी ट्रेन, मॅनहॅटनच्या ३३व्या स्ट्रीटपर्यंत नेते. पुढे सबवे घ्यायची तर पुन्हा वेगळं भाडं, कारण पाथ आणि सबवे या दोन निरनिराळ्या यंत्रणा आहेत आणि एकीच्या तिकिटावर दुसरीत बसता येत नाही. दोन्हीकडे फेरीला तीन डॉलरच्या आसपास पडतात. दिवसाचे सहा डॉलर जादा, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या घरात. टॅक्समध्ये वाचलेल्यातले निम्मे इथेच संपले. सबवेला आठवड्यात बारा फेऱ्यांनंतर पुढचा प्रवास फुकट असतो, पण नुसत्या ऑफिसच्या दहा फेऱ्यांत ती मर्यादा गाठलीच जात नाही.

पैशांपेक्षाही मला खटकली ती या दुसऱ्या भाड्याने लावलेली सवय. जानेवारीच्या वाऱ्यात ३३व्या स्ट्रीटपासून ऑफिसपर्यंत चालत जायचं, का तर तीन डॉलर वाचतील. रविवारी मुलांना घेऊन सेंट्रल पार्कला किंवा नॅचरल हिस्ट्री म्युझियमला जायचं, तर चौघांचं जाऊन-येऊन सोळा वेळा भाडं. जॅक्सन हाइट्सहून तेच आठ वेळा. त्यात आम्ही तिथे असताना शनिवार-रविवारी ३३व्या स्ट्रीटची गाडी होबोकेनला वळसा घालून जायची. हळूहळू आम्ही शहरात जाणंच कमी केलं. ज्या शहरासाठी एवढं घरभाडं भरतो ते नदीपलीकडून नुसतं बघायचं, हे मला मानवलं नाही. खरं सांगायचं तर घर बदलायचं ठरलं ते यावरूनच.

जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर ई, एफ, एम, आर आणि ७ अशा पाच गाड्या मिळतात. ७ नंबर थेट ग्रँड सेंट्रलला सोडते. एक लाइन रखडली तर दुसरी असते.

घरांचं म्हणाल तर जर्नल स्क्वेअरचे नवे टॉवर नि:संशय सरस आहेत. लिफ्ट, जिम, घरातच वॉशिंग मशीन. जॅक्सन हाइट्सच्या जुन्या विटांच्या इमारतींत कपडे धुवायला बहुधा तळघरात उतरावं लागतं, आणि लहान मूल असेल तर ते जाचतं. पण तिथे हीटिंग साधारणपणे भाड्यातच येतं, आणि ऑक्टोबर ते मे ते पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाची असते. टॉवरमध्ये ते अनेकदा आपल्या विजेच्या बिलावर चढतं. शिवाय टॉवरवाले पहिल्या वर्षी एक-दोन महिने फुकट देऊन भाडं कमी दाखवतात. दुसऱ्या वर्षी वाढ मूळ भाड्यावर लागते. उलट जॅक्सन हाइट्समध्ये १९७४ पूर्वीच्या इमारतीतलं रेंट-स्टॅबिलाइज्ड घर मिळालं, तर वाढ शहराचं मंडळ ठरवतं. डिपॉझिट न्यूयॉर्कमध्ये जास्तीत जास्त एक महिन्याचं, जर्सीत दीड महिन्याचं. जून २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात मालकाने नेमलेल्या ब्रोकरची फी भाडेकरूवर टाकता येत नाही, हा मोठा फरक पडलाय.

किराण्यात डावं-उजवं नाही. जर्नल स्क्वेअरला न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यू, जॅक्सन हाइट्सला ७४वा स्ट्रीट. ज्वारीचं पीठ आणि मेथी दोन्हीकडे मिळते.

तुमचं ऑफिस वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपास, चालत जाण्याइतकं जवळ असेल, तर मी जर्नल स्क्वेअरच सुचवीन. पाथ थेट तिथे जाते आणि टॅक्सची बचत पूर्ण हातात राहते. पगार बराच मोठा असेल तरीही पारडं तिकडे झुकू शकतं. मिडटाउनला ऑफिस आणि घरात मुलं असतील, तर मात्र मला जॅक्सन हाइट्स बरं वाटतं. फक्त रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला लागून घर घेऊ नका, ७ नंबर तिथे डोक्यावरून धडधडत जाते. थोडं उत्तरेला, ३४व्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला बघा. त्या रस्त्याचा बराच भाग दिवसा मोटारींना बंद असतो आणि मुलं मोकळेपणाने सायकल चालवतात.