सेनहायझर एचडी २५: दिसायला साधा, कामाला पक्का

हातात घेतल्यावर पहिली शंका येते ती प्लास्टिकची. वायर उघड्यावर, घडी होत नाही, रुबाब शून्य. सेनहायझरने हा हेडफोन १९८८ साली आणला आणि तेव्हापासून त्याचं रूप फारसं पालटलेलं नाही. तरी डीजेंच्या गळ्यात तो आजही सर्रास दिसतो. आवाज गोड आहे म्हणून नव्हे, तर बाहेरचा गोंगाट तो चांगला अडवतो म्हणून.

वायर सोडून वजन १४० ग्रॅम. कप लहान, बंद पाठीचे आणि कानावर घट्ट बसणारे. डोक्यावरचा पट्टा मधोमध दोन भागांत फाकतो, त्यामुळे मिक्सरवर झुकलं तरी हेडफोन घसरत नाही. एक कप फिरवून कानामागे सरकवता येतो. डीजेला हवं असतं ते नेमकं हेच: एका कानात पुढचं गाणं, दुसऱ्या कानात बूथचा मॉनिटर, म्हणजे डीजेच्या शेजारी ठेवलेला स्पीकर.

मॉनिटर जवळ हवाच. हॉलचे स्पीकर १० मीटर लांब असतील तर आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ४६९ मिलिसेकंद, म्हणजे हा उशीर कानाला सहज कळतो. हेडफोनमधली किक (मोठ्या ड्रमचा ठोका) हॉलच्या किकशी जुळवायला गेलात तर तेवढ्याच फरकाने मिक्स लंगडणार. मॉनिटर नसेल तर मिक्सरचा क्यू-मिक्स नॉब (हेडफोनमध्ये चालू गाणं किती आणि पुढचं किती, ते ठरवणारा) मधोमध ठेवून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकावीत. एचडी २५ मध्ये किक आणि हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) वेगवेगळे उठून येतात, त्यामुळे ठोका किंचित सरकला तरी लगेच पकडता येतो. (गाण्याचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, मात्र यावर फिरवू नये. खालचा आवाज, म्हणजे बेस, थोडा फुगवून ऐकू येतो.)

आता कानांविषयी, कारण या धंद्यात भांडवल तेच. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल ८ तास चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, आणि सेट असतो दोन तासांचा. हा हेडफोन १२० डेसिबलपर्यंत जातो, तेव्हा तो कान वाचवतो असं म्हणणं धाडसाचं. बाहेरचं अडवल्यामुळे नॉब कमी ठेवता येतो, एवढाच फायदा, आणि तोही डीजेने नॉब खरंच कमी ठेवला तर. मिक्स झाला की क्यू, म्हणजे हेडफोनमधलं गाणं, बंद करायची सवय लावा. मोकळ्या कानात इअरप्लग हवाच.

बिघाडाची पहिली जागा म्हणजे कपांवरच्या गाद्या. घामाने वरचं रेक्झिन सोलतं, कडेने हवा निसटते, बेस पातळ होतो आणि हात आपोआप आवाज वाढवतो. गाद्या ओढून निघतात, वेळेवर बदला. मखमली गाद्या गार लागतात, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडतात.

दुसरी जागा कपातली पिन. एक बाजू खरखरली किंवा गेली तर डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून पाहा. बिघाड दुसऱ्या कपात गेला तर वायर खराब, तिथेच राहिला तर कपातला स्पीकर. दोन्ही सुटे मिळतात. अख्खा हेडफोन टाकून द्यायची वेळ क्वचितच येते. जाड जॅकचा अडॅप्टर आट्यांचा आहे. तो सेटच्या आधी पिळून घट्ट करा, नाहीतर ओढताना मिक्सरमध्येच अडकून राहील.

याच हेडफोनच्या ‘लाइट’ आवृत्तीमध्ये फाकणारा पट्टा आणि फिरणारा कप दोन्ही नाहीत, म्हणून डीजेने तो घेऊ नये. ‘प्लस’ आवृत्तीमध्ये गुंडाळी वायर आणि जादा गाद्या मिळतात. कन्सोलभर फिरणाऱ्याला त्या वायरचा उपयोग होतो. चष्मा लावणाऱ्यांनी मात्र अर्धा तास घालून बघितल्याशिवाय घेऊ नये. काडी कानाच्या पाळीत रुतते, आणि पट्टा सैल केला तर आवाज अडवण्याचा गुणच जातो.