नव्या पीसीवर विंडोज ७ (३२ बिट) – आठ महिन्यांनंतर, आणि त्या गोल पोर्टबद्दल थोडं जास्तच

गेल्या मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, पीसी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस निवडा म्हणून एक ओळ आणि पुढं काहीच नाही. ऐन लग्नसराईत, तीन पत्रिकांची प्रूफं द्यायची होती. ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केला तर त्यानं न बघताच सांगितलं विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागेल, आठशे रुपये, आणि वर "आता तरी नवीन विंडोज टाका ओ". डोकं फिरलं. म्हणून बसलोय लिहायला, कारण फॉरमॅट मारायची काही गरज नव्हती, ते शेवटी सांगतो.

आधी ७ च का, ते. माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचं काम आहे. पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि सोबत जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, ते डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला ती ओळखायला लागणारा प्रोग्राम) फक्त ३२ बिटचा, ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. वीस वर्षांच्या फाइली आहेत. दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि चौकोन दिसतात. इनडिझाइनमध्ये (पेजमेकरच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) घ्या म्हणणारे खूप भेटतात, पण पेजमेकरच्या फाइली उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६, आणि त्यातही फॉन्टचा घोळ तसाच राहतो. जुना मदरबोर्ड गेला तेव्हा म्हणलं मशीन नवीन घेऊ पण विंडोज जुनंच ठेवू, २०११ ला पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी आहे, का फेकू?

मशीन: आय३-९१००एफ प्रोसेसर, एच३१०सी चिपसेटचा बोर्ड, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी साटा (जुन्या पद्धतीच्या केबलनं जोडायची) एसएसडी. कॅबिनेट जुनंच. साडेअठरा हजार गेले. हे मॉडेल २०१९ चं, म्हणजे सील फोडून नवीन पण वयानं जुनं, आणि ते मुद्दाम घेतलंय. त्या "सी"ला महत्त्व आहे, कारण त्या चिपसेटला ७ साठीचा यूएसबी ड्रायव्हर मिळतो. दुकानदार एनव्हीएमई (नव्या पद्धतीची, जास्त वेगवान) एसएसडी गळ्यात मारत होता, घेतली नाही, ७ च्या डीव्हीडीला ती दिसतच नाही.

आता खरी गंमत. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू केला तर म्हणतो सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. अरे बाबा मी पेनड्राइव्ह लावलाय, सीडीचा संबंधच कुठं आला! तासभर डोकं खाल्लं तेव्हा कळलं की विंडोज ७ आलं २००९ मध्ये, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, आणि स्कायलेकपासूनच्या (२०१५ च्या प्रोसेसर पिढीपासूनच्या) इंटेल बोर्डांवर यूएसबी २ साठीचा वेगळा कंट्रोलर काढून टाकलाय, म्हणजे सगळे पोर्ट त्या यूएसबी ३ च्याच हाताखाली. सेटअप सुरू झाला की माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळे मुके. बरं ड्रायव्हर टाकायचा तर तो पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह चालायला तोच ड्रायव्हर पाहिजे. किल्ली घरात आणि दाराला कुलूप.

इथं त्या बोर्डाच्या मागच्या गोल पोर्टनं मला वाचवलं. अर्धा जांभळा अर्धा हिरवा, पीएस/२, म्हणजे यूएसबीच्या आधीचा कीबोर्ड-माउसचा पोर्ट. माळ्यावरून जुना कीबोर्ड काढला, आमच्या ऑपरेटर ताईंनी कीवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले, त्यातले निम्मे गळालेले, पुसला, लावला. चालला नाही! कारण हा पोर्ट चालू मशीनला लावून चालत नाही, आधी लावायचा मग मशीन चालू करायचं. बंद करून परत चालू केलं आणि नमलॉकचा दिवा लागला तेव्हा खरंच बरं वाटलं. मी आता कोणालाही बोर्ड सांगताना प्रोसेसर नंतर विचारतो, आधी मागं गोल पोर्ट आहे का ते बघा म्हणतो. घरचे हसतात. हसू दे.

सेटअप शेवटी जुन्या साटा डीव्हीडी रायटरवरून केला. यूएसबीचा ड्रायव्हर सीडीवर बर्न करायला शेजारच्या फोटो स्टुडिओत गेलो, तिथं अजून लग्नाच्या डीव्हीडी निघतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर डिजिटल सहीच्या कारणावरून अडून बसला, त्याला आधी एसएचए-२ चा (नव्या पद्धतीची सही ओळखायचा) विंडोज अपडेट लागतो, परत स्टुडिओत. तिसऱ्या चकरेला त्यांनी चहा पाजला.

राग आला तो रॅमचा. पैसे ८ जीबीचे दिले आणि विंडोज म्हणतं वापरता येईल अशी ३.४ जीबी. ३२ बिटला ४ च्या वर दिसत नाही, त्यातलीही थोडी ग्राफिक्स वगैरे खातात. पहिला महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो की साडेचार जीबी पाण्यात गेली. आता तसं म्हणणार नाही. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर पेजमेकर, फॉन्ट, प्रिंटर सगळं चालू असताना दीड जीबीच्या आत. पण ४ चीच स्टिक घ्यायला पाहिजे होती, हे मात्र अजून म्हणतो.

बाकी काम एकदम मख्खन. एसएसडीमुळं चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत मशीन चालू. बटर पेपरवर प्रिंट पहिल्यासारखीच अचूक. नेट लावलेलं नाही आणि लावणारही नाही, सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमही १०९ च्या पुढं येत नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर लॅपटॉपवर घेतो, जुन्या फॉन्टात कन्व्हर्ट करतो, व्हायरससाठी स्कॅन करून पेनड्राइव्हनं इकडं आणतो. वैताग आहे, पण सवय झाली.

तर मंगळवारचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २०१९. बोर्ड डब्यात पडून पडून ती सेटिंग जपणारा छोटा सेल उतरला होता, त्यात रात्री लाइट गेलेली, त्यामुळं बायोसची सेटिंग पुसली आणि आमच्या बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीनं विंडोज उठवायची सोय) आपोआप बंद झालं. ३२ बिटचं विंडोज ७ यूईएफआयमधून, म्हणजे नव्या पद्धतीनं उठत नाही, त्याला सीएसएम चालूच पाहिजे. चालू केलं, तारीख टाकली, सेव्ह केलं, दोन मिनिटांत गणपतीचा वॉलपेपर समोर. नवीन सेल तीस रुपयांचा, तो बदलला. बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून प्रिंट कॅबिनेटला आतून चिकटवलाय. आणि भंगारवाल्याकडून पन्नासला एक असे गोल पिनचे तीन कीबोर्ड आणून ठेवलेत, एकाची स्पेसबार अडकते, दोन चांगले आहेत.