आकडा जुळला, तरी पेज गेलं

डाउनलोड केलेल्या फाइलचा 64 अक्षरी आकडा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला होता. तरी ऐन दिवाळीच्या तोंडावर गिरगावातल्या माझ्या वहिनींचं फराळाचं इन्स्टाग्राम पेज चोरांच्या हातात गेलं. "न बघता काहीतरी दाबलं असेल," असं जो तो त्यांनाच ऐकवतोय, म्हणून हे लिहितोय. त्यांनी बघितलं होतं.

रील्स करायला त्यांना एक नावाजलेला, फुकट मिळणारा व्हिडिओ एडिटर हवा होता. सर्च केल्यावर सगळ्यात वर आली ती जाहिरात. साइट हुबेहूब, पत्त्यात फक्त एक आडवी रेघ जास्तीची. डाउनलोडच्या बटणाखाली हिरव्या चौकटीत 'एसएचए-256' आणि त्यापुढे तो लांबलचक आकडा. शेजारचा ओंकार इंजिनिअरिंगला आहे. त्याने कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्टयुटिल या विंडोजच्याच कमांडने फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढला. एकाने चार-चार अक्षरं वाचायची, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून ताडायची, असं दोघांनी तपासलं. जुळला. जुळणारच! फाइल ज्याची, आकडाही त्यानेच लिहिलेला. काट्यात खोट असलेल्या वाण्याने त्याच काट्यावर पुन्हा वजन करून दाखवावं, तसला प्रकार.

हॅश जुळला म्हणजे फाइल वाटेत बदलली नाही, एवढंच कळतं. ती कोणी बनवली, हे कळत नाही. आकडा दुसऱ्या, खात्रीच्या ठिकाणाहून मिळाला असेल तरच चोर पकडला जातो. पण हे साध्या माणसाला सांगतं कोण? खऱ्या साइटीही नुसता आकडा चिकटवून मोकळ्या होतात.

आता त्या चोरांची हुशारी बघा. झिप फाइलला पासवर्ड होता आणि तो पानावरच छापलेला, म्हणजे अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. पुढे सूचना: 'नवी आवृत्ती असल्याने विंडोज निळी खिडकी दाखवेल, मोअर इन्फो दाबून रन एनीवे करा.' धोक्याची सूचना येण्याआधीच तिच्यातली हवा काढून टाकलेली! त्यानंतर परवानगी मागणारी खिडकी आली, तिच्यावर पिवळी पट्टी आणि 'पब्लिशर: अननोन'. खरा इशारा हाच होता, पण तोही इंग्रजीत आणि बारीक अक्षरात.

एडिटर उघडलाच नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, मात्र गेल्या. कुकी हातात आली की चोर आधीच लॉगिन झालेला असतो, म्हणून वहिनींना ओटीपीसुद्धा आला नाही. पेजचा ईमेल आणि नंबर बदलला गेला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना मेसेज गेले: आगाऊ बुकिंगवर सूट, सोबत क्यूआर कोड. दादरच्या एका काकूंनी चकली-अनारशांचे अडीच हजार पाठवलेही. वहिनी एकच म्हणत होत्या, "भावजी, आम्ही ताडून घेतलं होतं हो."

ज्यांना कमांड वगैरे जमत नाही, त्यांच्यासाठी त्यापेक्षा सोपी तपासणी विंडोजमध्येच आहे. डाउनलोड केलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब. तिथे बनवणाऱ्याचं नाव दिसतं. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर व्हिडिओलॅन. 'डिटेल्स' दाबून सही वैध आहे ना, तेही बघा. टॅबच नसेल किंवा भलतंच नाव असेल तर फाइल उघडू नका, जाणकाराला विचारा. काही प्रामाणिक छोटी सॉफ्टवेअरंही बिनसहीची असतात, पण विचारण्यात काय जातं? आणि सही म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे: 2017 मध्ये कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सीसीक्लीनरच्या 5.33 आवृत्तीतून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) गेलं, ते खऱ्या सहीनिशी. जाहिरातीवरून आलेल्या साध्या चोराला मात्र इथे बहुधा अडवता येतं. साइटचा पत्ताही जाहिरातीतून न घेता त्या सॉफ्टवेअरच्या विकिपीडिया पानावरच्या अधिकृत दुव्यावरून घ्या.

फाइल चालवून झालीच असेल, तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट आधी तोडा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि सगळीकडून लॉग आउट करा, कारण नुसत्या पासवर्डने चोरलेली कुकी मरेलच असं नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. काकूंची तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. वहिनींचं जुनं पेजही परत मिळालेलं नाही आणि त्यावरून अजून क्यूआर कोड फिरतायत. गिरगाव-दादरकडच्या कोणाला आला, तर पैसे पाठवू नका. ऑर्डर फक्त फोनवर द्या.